बाटलीतलं लोखंड

ही गोष्ट सांगायचं मी सतरा-अठरा वर्षं टाळत आलो. टाळणं अवघड नव्हतं. कॉलेजच्या स्मरणिकेसाठी संशोधनाच्या दिवसांवर माझ्याकडून दोनदा लेख मागून घेतला गेला. दोन्ही वेळा मी तो लिहिला, आणि ज्या वर्षाबद्दल खरं लिहायला हवं होतं ते वर्ष एका वाक्यात उरकलं: ‘काही अडचणींमुळे एका विद्यार्थिनीला काम मध्येच सोडावं लागलं.’ वाक्य खोटं नाही. ती अडचण म्हणजे मी, एवढंच त्यात आलेलं नाही.

आता पंच्याहत्तरी उलटली आहे आणि लेख तिसऱ्यांदा मागितला आहे. छापतील की नाही, माहीत नाही. लिहून मात्र देतो.

मी जालन्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. केदारखेड्याच्या आमच्या शेतकरी भावकीत पहिला एम.एस्सी. मी, त्यामुळे गाव मला आहे त्यापेक्षा जरा जास्त शहाणा समजायचं, आणि हळूहळू मीही तसंच समजायला लागलो होतो. पन्नाशीनंतर मला संशोधनाची ओढ लागली. तेव्हा जिकडेतिकडे कार्बन नॅनोट्यूबची चर्चा होती. ग्रॅफाइटचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा चटईसारखा गुंडाळला तर जी सुरळी होईल, ती ही नळी. चटई सरळ गुंडाळली की तिरपी, यावर ती नळी धातूसारखी वीज वाहून नेणार की नाही ते ठरतं. डोळ्यांना मात्र नुसती काजळी दिसते.

त्या काजळीतले इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात की कुठं अडकून पडलेत, हे ओळखायची एक रीत आहे. काजळी काचेच्या बारीक नळीत भरून चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये ठेवायची, तिच्यावर सूक्ष्मलहरी सोडायच्या आणि चुंबकाचा जोर हळूहळू वाढवत न्यायचा. एका ठरावीक जोराला इलेक्ट्रॉन त्या लहरी शोषून पलटी खातात आणि कागदावर एक बारीक वळण उमटतं. याला चुंबकीय अनुनाद म्हणतात. मग नळी थंड करत जायची. थंडीत वळण मोठं होत गेलं तर इलेक्ट्रॉन जागोजागी अडकलेले आहेत, आणि कितीही थंड केलं तरी तेवढंच राहिलं तर ते मोकळे, धातूतल्यासारखे आहेत.

असं का होतं, हे मी वर्गात बरीच समीकरणं मांडून सांगायचो. त्या विद्यार्थिनीनं ते एकदा प्रयोगशाळेत उभ्या उभ्या सांगितलं होतं. ती जाफराबादहून एस.टी.नं यायची. म्हणाली, “सर, बाजाराच्या दिवशी आमची गाडी ठासून भरलेली असते. मधल्या माणसाला हलायचं म्हटलं तरी हलता येत नाही. दारापाशी चार-दोन उभे असतात, तेच काय ते इकडचे तिकडे होतात. मंग गाडीत थंडी असो का ऊन असो, हलणारे तेवढेच.” मोकळे इलेक्ट्रॉन तसेच दाटीनं भरलेले असतात, आणि पलटी खातात ते दारातले थोडे. त्यानंतर मी वर्गात हेच उदाहरण देत आलो. तिचं आहे, हे कधी सांगितलं नाही.

बी.एस्सी.ला ती माझ्याच हाताखाली शिकली होती. पुढे जाफराबादेत शाळेवर लागली आणि काही वर्षांनी रजा काढून पीएच.डी.साठी माझ्याकडे आली. तिचे वडील कल्हईवाले. घरी उर्दू बोलायचे. तांब्या-पितळेची भांडी कमी झाली तसा त्यांचा धंदा बसत गेला होता, तरी लग्नसराईत मोठाले हंडे-पातेली त्यांच्याकडेच यायची. ॲसिडला ती बोलण्याच्या ओघात तेजाब म्हणून जायची आणि मग स्वतःच हसायची.

आमच्या कामातली खरी अडचण लोखंडाची होती. नॅनोट्यूब वाढवताना लोखंडाचे कण वापरावे लागतात आणि ते काजळीत राहून जातात. अनुनादाच्या कागदावर लोखंड म्हणजे मोठा डोंगर. ज्या बारीक वळणासाठी सगळा खटाटोप, ते त्या डोंगरामागं दिसेनासं होतं. म्हणून काजळी आधी बेतानं भाजायची, ॲसिडमध्ये मुरवायची, गाळायची, धुवायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. जगभर जिथं जिथं हे काम चाललं होतं, तिथं निम्मा वेळ या धुण्यातच जात होता.

धुण्यात तिचा हात धरणारं मी कुणी पाहिलं नाही. लिटमस कागद रंग बदलेनासा झाला की आम्ही बाकीचे थांबायचो. ती त्यानंतरही तीन पाणी काढायची. वडिलांची शिकवण होती: पाणी साफ दिसायला लागलं की अजून तीनदा धुवायचं, नाहीतर कल्हई पकडत नाही. प्रत्येक धुणं ती वहीत मांडायची, तारीख, वेळ, किती पाणी, सगळं. आमच्या प्रयोगशाळेतले शिपाईमामा तिला चिडवायचे, “मॅडम, सकाळपासून त्या काजळीला धुऊन राह्यल्या. एक दिवस पांढरी व्हईल बघा ती.” ती म्हणायची, “मामा, व्हईल तेव्हा तुमच्या चहात दूध म्हणून घालते.”

अनुनादाचं यंत्र अर्थातच आमच्याकडे नव्हतं. ते दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या संस्थेत होतं आणि तिथं चार-पाच महिन्यांतून एकदा आम्हाला दोन दिवस मिळायचे. सात-आठ महिने खपून तिनं पुडीचा एक घाणा तयार केला. कोळशासारखी काळी, हलकी पूड, एका छोट्या बाटलीत. त्यातली थोडी थोडी घेऊन तिनं तीन नळ्या भरल्या, हवा काढून त्यांची तोंडं वितळवून बंद केली. त्यातल्या दोन चष्म्याच्या डबीत कापसात गुंडाळून आम्ही घेऊन गेलो. तिसरी कपाटात ठेवली.

पहिल्याच नळीत ते वळण आलं. एकटं, बारीक, स्वच्छ. डोंगराचा मागमूस नाही. नळी थंड करत नेली तरी वळण तेवढंच राहिलं. मोजून झाल्यावर वर काढताना नळी तडकली. दुसरी तर बसवतानाच फुटली. तिथले वरिष्ठ शास्त्रज्ञ सज्जन गृहस्थ होते, पण संशयी. ते म्हणाले की फार छान आहे, म्हणूनच एकदा पुन्हा बघू. त्याच बाटलीतल्या पुडीच्या नव्या नळ्या करून आणा.

परतीच्या प्रवासात ती खिडकीशी बसून वहीत काहीतरी मांडत होती आणि मी विचार करत होतो की आमच्या गळक्या सिंकवर, आमच्या साध्या काचेच्या भांड्यांत इतकी स्वच्छ पूड निघते कशी. तिच्याबद्दल अभिमान वाटायला हवा होता. तो वाटलाही, पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं. एखादी कल्हईवाल्याची मुलगी इतकं नेमकं काम करते, यावर माझा विश्वास बसत नव्हता. तेव्हा मी मनाशी हे अशा शब्दांत म्हटलं नाही. आज म्हणतो.

दिवाळीच्या सुट्टीत ती जाफराबादला घरीच होती. कॉलेज बंद होतं. एका दुपारी मी एकटाच प्रयोगशाळेत गेलो आणि तिच्या पुडीची परीक्षा घ्यायची ठरवली. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक नालाचा चुंबक होता. जालन्याच्या माणसाला त्याची गंमत सांगायला नको. आमच्याकडे सळ्यांच्या कारखान्यांमुळे हवेत लोखंडाची बारीक धूळ असते. प्रयोगशाळेच्या खिडकीच्या कट्ट्यावरून चुंबक फिरवला की त्याला मिशा फुटतात. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हा खेळ करून दाखवायचो, आणि मुलं हमखास हसायची.

तोच चुंबक मी घेतला. फडक्यानं पुसला. बटर पेपरमध्ये गुंडाळला आणि तिच्या बाटलीत बुडवून पूड ढवळून पाहिली. पुडीत लोखंड उरलं असतं तर ते कागदाला चिकटून वर आलं असतं. काही आलं नाही. पूड चुंबकाकडे जराही ओढली गेली नाही. मला बरं वाटलं. बाटलीचं झाकण लावलं, चुंबक कागदासकट ड्रॉवरमध्ये टाकला आणि घरी गेलो. तिला सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे तुझ्यावर माझा विश्वास नव्हता हे सांगणं आलं.

सुट्टी संपल्यावर तिनं त्याच बाटलीतून नव्या नळ्या भरल्या. पुढच्या वेळी संस्थेत पहिली नळी यंत्रात गेली आणि कागदावर डोंगर उभा राहिला. दुसरी घातली, तोच डोंगर. ती कागदाकडे बघत राहिली. वरिष्ठांनी तिला शांतपणे विचारलं की मागच्या वेळची पूड आणि ही पूड एकाच बाटलीतली आहे ना. ती म्हणाली, एकाच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय होतं ते कळत होतं. मागच्या वेळी कुठून तरी विकत आणलेली शुद्ध पूड भरली असेल, असंही त्यांना वाटून गेलं असेल. असे प्रकार घडतातही.

मला त्या क्षणी चुंबक आठवला. डोंगर त्यामुळेच आला, हे तेव्हा मला पक्कं ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट पक्की होती. दिवाळीत ती पूड स्वच्छ होती, हे जगात मी एकट्यानं तपासून पाहिलं होतं. मी एवढं बोललो असतो तरी पुरे होतं. त्यांनी विचारलं असतं, कशानं तपासली, आणि पाच मिनिटांत सगळं उघड झालं असतं. समोर तीन-चार तरुण संशोधक उभे होते. साठीला आलेला प्राध्यापक विद्यार्थिनीच्या बाटलीत चोरून चुंबक घालतो, हे त्यांच्यासमोर मला सांगवलं नाही.

मी म्हणालो की धुणं कमी पडलेलं दिसतंय.

ती मराठीत, हळू आवाजात म्हणाली, “सर, धुणं बिलकुल कमी नाही पडलं. वही बघा ना.”

“वहीत काय, काहीही लिहिता येतं.”

तिनं आणखी एकदा प्रयत्न केला. “पहिल्या वेळची एक नळी आहे सर, कपाटात. ती आणून मोजू. मंग कळेल.”

आणि मी, मला वाटतं आवाज चढू नये म्हणून, अगदी थंडपणे म्हणालो, “हे कल्हईचं काम नव्हे. घासलं, चमकलं, झालं.”

आम्हा दोघांखेरीज मराठी तिथं एकालाच कळत होतं, एका तरुण संशोधकाला. तो खाली बघून हसला. तिनं त्याचं हसणं पाहिलं. मग ती नळ्या डबीत भरायला लागली. दोन्ही नळ्या, कापूस, डबीचं झाकण, सगळं नीट.

परत आल्यावर मी तिला नवा घाणा पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं. म्हणजे आणखी एक वर्ष. तिची रजा तीन महिन्यांत संपत होती आणि शाळेनं वाढवून दिली नाही. मी शाळेच्या संस्थाचालकांना एक पत्र दिलं असतं तर कदाचित दिली असती. तिनं पत्र मागितलं नाही, मीही दिलं नाही. शेवटच्या दिवशी तिनं टेबल पुसलं, वही माझ्याकडे दिली, शिपाईमामांना पेढे दिले. मामा मला म्हणाले, “सर, मॅडम चाललीय ते बराबर न्हाई वाटून राह्यलं.” मी म्हटलं, घरची अडचण आहे तिची.

जून उजाडला. पहिल्या वर्षाची मुलं आली. नेहमीचा खेळ दाखवायला मी ड्रॉवरमधून चुंबक काढला, तर तो दिवाळीतल्याच कागदात गुंडाळलेला होता. कागद एका टोकाला फाटला होता. नालाच्या कोपऱ्यानंच तो कापला असणार. आत, फटीत, कट्ट्यावरच्या धुळीची बारीक लव अडकून होती, फडक्यानं न निघालेली, आणि त्या लवेवर तिच्या बाटलीतली काजळी बसली होती. मुलं समोर होती. मी दुसरा चुंबक मागवून घेतला.

लोखंड आहे का ते बघायला म्हणून मीच बाटलीत लोखंड घातलं होतं.

पुढच्या वेळी मी एकटा संस्थेत गेलो. कपाटातली तिसरी नळी बरोबर घेतली. नळीवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती. यंत्रात घातली आणि ते बारीक वळण आलं, थंडीतही तसंच राहिलं, पहिल्या दिवशी आलं होतं तसंच. वरिष्ठ खूश झाले. त्यांनी विचारलं, ही कुणी केली. मी म्हणालो, आमच्याकडचीच आहे, पुन्हा नीट धुतलेली.

त्यातून एक छोटा शोधनिबंध झाला. त्यावर वरिष्ठांचं नाव आहे आणि माझं आहे. तिचं नाव घालायचं तर ही नळी तिचीच, त्याच बाटलीतली, हे सांगावं लागलं असतं. आणि ते सांगितलं की मग डोंगर कुठून आला, हेही. म्हणून शेवटी आभाराच्या ओळीत मी ‘नमुने धुण्यात मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आभार’ असं लिहिलं. तो निबंध फार कुणी वाचला नाही. कॉलेजात माझा सत्कार झाला, नारळ-शाल मिळाली. इथं एवढंच नोंदवून ठेवतो की त्या निबंधातली पूड तिची, धुणं तिचं आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा तो निष्कर्षही आधी तिच्या वहीत मांडलेला आहे. वही माझ्याकडे आहे. ती या लेखासोबत कॉलेजच्या ग्रंथालयात देत आहे.

निवृत्तीनंतर मी दोनदा जाफराबादला जायला निघालो. पहिल्या वेळी भोकरदनच्या स्टँडवरून परत फिरलो. दुसऱ्या वेळी पोचलो. घर विचारत गेलो, कल्हईवाल्यांचं म्हटल्यावर लगेच दाखवलं. ती शाळेतून यायची होती. वडील पुढच्या खोलीत खाटेवर बसले होते, थकलेले, हातांची बोटं तेजाबानं कायमची पांढुरकी झालेली. मी कोण ते सांगितल्यावर ते उठायला लागले. मी धरून बसवलं.

“तुमच्याबद्दल लई सांगती ती,” ते म्हणाले. “सरांनी येवढा टायम दिला, मशीन दाखवली. आपलीच पोर कमी पडली.”

मी म्हणालो की तसं नाही.

“न्हाई, न्हाई. तिनंच सांगितलं ना मला. म्हने, अब्बा, शेवटचं पानी घाईत काढलं असंल मी. ध्यान गेलं असंल.” ते हसले. “मी म्हटलं, बेटा, मी शिकवलं आन् तू ईसरली? चार दिवस बोलली न्हाई माझ्यासंगं.”

तेवढ्यात ती आली. केस पांढरे व्हायला लागले होते. मला बघून तिला खरंच आनंद झाला, आणि ते बघवेना. चहा झाला. शाळेत आता ती विज्ञान विभागाची प्रमुख आहे. मी विचारलं, मुलांना काय काय शिकवता. तू म्हणायला जीभ वळली नाही.

“प्रयोग जास्त करवून घेते, सर,” ती म्हणाली. “दर वर्षी पहिल्या तासाला माझीच गोष्ट सांगते. एवढ्या मोठ्या मशीनपर्यंत पोचले होते आणि एक धुणं चुकले. मुलांना पटतं ते. धुताना घाई करत नाहीत मंग.”

तिनं हे कडवटपणे म्हटलं नाही. मुलांना उपयोगी पडणारं उदाहरण म्हणूनच ती ते सांगत होती. किती वर्षं, किती वर्गांपुढे सांगितलं असेल, याचा मी हिशेब करायला लागलो आणि थांबलो. वडील मान हलवत होते.

“सर, काही काम होतं का माझ्याकडे?” तिनं विचारलं. “एवढ्या लांब आलात.”

मी म्हणालो, “न्हाई, सहज. इकडं आल्तो.” मग जालन्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. ती मला रस्त्याच्या वळणापर्यंत सोडायला आली. तिथं जालन्याकडची एक जीप भरत होती. तिनं ड्रायव्हरला सांगून मला पुढं बसवलं.

जीप निघेपर्यंत ती खिडकीशी उभी होती. बोलायला वेळ होता. मला म्हणायचं होतं: बेटा, तुझं धुणं चुकलं नव्हतं. लोखंड माझ्या हातानं पडलं, मला ते माहीत होतं, आणि मी तुझ्या वडिलांच्या कामावरून तुला बोललो. उद्या वर्गात ती गोष्ट सांगू नकोस. मला माफ कर.